इंग्रजी शब्द फोडून शिकवायचे कसे? सातवी-आठवी, मराठी माध्यम, सोलापूर

बाळीवेस
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं पुष्कळ, कन्नड बोलणारी काही, गल्लीतली दखनी सगळ्यांनाच येते आणि शाळेत मराठी. म्हणजे नव्या भाषेची भीती अशी कुणाला नाही. तरी इंग्रजी शब्दांपाशी गाडं अडतं.

धड्याखालचे शब्दार्थ पोरं घोकतात, चाचणी झाली की पाटी कोरी. 'केअर' येतो. 'केअरफुल' हा त्यांच्या लेखी वेगळा शब्द, 'केअरलेस' तिसरा, 'केअरलेसनेस' चौथा. चार ओळी, चार अर्थ, चारही पाठ. सगळ्यांत 'केअर' बसलाय हे दिसतच नाही.

म्हणून यंदा मूळ शब्द, उपसर्ग, प्रत्यय या वाटेनं जायचं ठरवलंय. बाजारातली पुस्तकं चाळली. त्यांत लॅटिन-ग्रीक मुळांच्या पानंच्या पानं याद्या. त्या पाठ करायला दिल्या तर एक घोकंपट्टी गेली नि दुसरी आली, एवढंच.

सुरुवात मोबाईलपासून केली. रिचार्ज, रिस्टार्ट, अनलॉक, अनफॉलो, अनइन्स्टॉल, डिस्कनेक्ट. हे शब्द पोरांच्या तोंडात रोज असतात, अर्थ सांगावा लागत नाही. फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि विचारलं, काय दिसतंय? 'री' म्हणजे परत, हे त्यांनीच सांगितलं. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग रिक्षातला रि?" वर्ग हसला, पण प्रश्न खोटा नाही.

तर विचारायचं असं: किती उपसर्ग-प्रत्यय घ्यावेत, कुठल्या क्रमानं? लॅटिन-ग्रीक मुळं या वयात द्यावीत का? आणि 'रि' दिसला की तोडलाच, ही सवय लागणार नाही यासाठी काय करावं?

शेंगाचटणी
वाचतोय. रिक्षाचं उत्तर मलाही पाहिजे.

कडकभाकरी
मॅडम, मी स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतो. याद्यांना नावं ठेवू नका. बँकेच्या आणि राज्यसेवेच्या पोरांना मी मुळांची यादी देतो, रोज थोडी. 'बेने', 'माल', 'क्रेड', 'डिक्ट', 'स्पेक्ट'. अनोळखी शब्द आला की चार पर्यायांतले दोन तरी कटतात. परीक्षेला तेवढं पुरतं. आठवीच्या पोराला आत्तापासून सवय लागली तर पुढं आमचं काम हलकं होईल.

बाळीवेस
@कडकभाकरी सर, तुमची पोरं पदवीधर. त्यांच्या डोक्यात 'इन्स्पेक्ट', 'सस्पेक्ट', 'रिस्पेक्ट' आधीपासून आहेत, यादीतला 'स्पेक्ट' त्यांना जोडायला काहीतरी असतं. माझ्या पोरांकडं जोडायलाच कमी आहे. 'बेने म्हणजे चांगलं' पाठ केलं, पण बेनेपासून झालेला एकही शब्द ओळखीचा नसेल तर ते चांगलं कुठं ठेवायचं?

धोटा
मी मास्तर न्हाई. यंत्रमागावर आयुष्य गेलं, आता पोरगा बघतो. पण ह्या धाग्यावर एक सांगितल्याशिवाय राहवंना.

नातीच्या पुस्तकात 'टेक्स्ट' आला होता. आमच्याकडं तर 'टेक्स्टाईल' रोजचा. एमआयडीसीत निम्म्या पाट्यांवर तोच. मी म्हणलं ह्या दोघांचं काय तरी नातं असणार. जावई इंग्रजीचे प्राध्यापक हायेत, त्यांनी सांगितलं की लॅटिनमध्ये 'टेक्सेरे' म्हणजे विणणं. त्यातनं टेक्स्टाईल म्हणजे विणलेलं कापड, टेक्स्ट म्हणजे शब्दांनी विणलेला मजकूर, टेक्स्चर म्हणजे विणीचा पोत. कॉन्टेक्स्ट म्हणजे आजूबाजूचं सगळं मिळून जे विणलंय ते. नाक पुसायचा टिश्यू पण त्यातलाच, फ्रेंचमधनं फिरून आलेला.

पूर्व भागातल्या पोरांना हे सांगा की ओ मॅडम. ताणा-बाणा त्यांनी बघितलेला हाय. लॅटिन म्हणलं की घाबरतील, माग म्हणलं की न्हाई.

बाळीवेस
अण्णा, हे सोन्यासारखं आहे. उद्याच घेते.

भीमाकाठ
धोटा अण्णांना एक जोड. संस्कृतात तासणं, घडवणं या अर्थाचा 'तक्ष्' धातू आहे, त्यावरून तक्षक म्हणजे सुतार. ग्रीकमधला 'टेख्ने' म्हणजे हस्तकौशल्य, ज्यातून टेक्नॉलॉजी आली, आणि लॅटिनचा 'टेक्सेरे' ही सगळी भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळाकडे नेतात.

आता मूळ प्रश्नाकडे. मी पंढरपूरकडे संस्कृत-मराठी शिकवतो. बाळीवेस ताई, तुमचं निम्मं काम मराठीच्या तासाला होऊन गेलेलं असतं, फक्त इंग्रजीच्या तासाला ते कुणी काढत नाही. उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित शब्द मराठी व्याकरणात असतातच. 'हृ' या एका धातूचं उदाहरण घ्या: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. हार तोच, पुढचं अक्षर बदललं की जेवणाचं फिरणं होतं आणि फिरण्याचं मारणं. या पाच-सहा शब्दांवर जुना श्लोकच आहे, की उपसर्ग धातूचा अर्थ बळानं दुसरीकडे नेतो. हे ज्याला कळलं त्याला इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट सांगायला काय वेळ लागणार? लॅटिनमध्ये 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणं. इम्पोर्ट आत, एक्सपोर्ट बाहेर, ट्रान्सपोर्ट पलीकडे. रिपोर्ट म्हणजे बातमी परत आणून देणं. सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणं. सोलापुरातल्या पोराला एक्सपोर्टचा टॉवेल माहीत नाही असं होणार नाही.

दुसरी गोष्ट संधीची. पोरं विचारतात की 'इनपॉसिबल' का नाही, 'इम्पॉसिबल' का? 'इनलीगल' का नाही, 'इल्लीगल' का? त्यांना सत् अधिक जन सज्जन, उत् अधिक लास उल्लास आठवायला सांगा. पुढचा वर्ण मागच्याला आपल्यासारखा करून घेतो. इंग्रजीतही नकाराचा 'इन' प, ब, म पुढे असले की 'इम' होतो, ल पुढे 'इल', र पुढे 'इर'. हे पोरांनी तोंडानं म्हणून बघावं. 'इनपॉसिबल' चार वेळा भरभर म्हटलं की ओठ आपोआप 'इम' करतात. नियम पाठ करायची गरज नाही.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. संस्कृतात नकाराचा 'अ' स्वरापुढे 'अन्' होतो: असत्य पण अनादर, अशक्य पण अनावश्यक. ग्रीकमध्येही हेच. ॲटम मध्ये 'ॲ' आणि ॲनिमिया मध्ये 'ॲन'. ग्रीकचा 'अ-अन्', लॅटिनचा 'इन', इंग्रजीचा 'अन' आणि आपला 'अ-अन्' हे मुळात एकच आहेत. विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका उगमाच्या असाव्यात असं म्हटलं, त्याचा पुरावा आपल्या फळ्यावर रोज लिहिलेला असतो. पोरांना षट्कोन-हेक्सागॉन, पंच-पेंटा, सप्त-सेप्ट, अष्ट-ऑक्टा, दश-डेका शेजारी शेजारी लिहून दाखवा. भूमितीच्या तासाला तर फुकट मिळतं हे.

सातरस्ता
सगळं गोड वाटतंय म्हणून जरा मीठ टाकतो.

एक, इंग्रजीत जे शब्द सगळ्यात जास्त वापरले जातात ते फुटतच नाहीत. गो, कम, गेट, पुट, टेक, मेक, हॅव, से. दोन, 'अंडरस्टँड' फोडून दाखवा बरं. खाली उभं राहणं? 'गेट अप', 'पुट अप विथ', 'टेक ऑफ' यांना कुठला उपसर्ग लावणार? माझ्या ऑफिसात पुण्याहून साहेब येतात तेव्हा पोरांची गाडी अडते ती अशा शब्दांवर, 'ट्रान्सपोर्टेशन'वर नाही. तीन, फोडलेला अर्थ फसवतो. 'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं. मग 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं? अजिबात नाही, तेही पेट घेणारंच. तिथला 'इन' नकाराचा नाही, 'आत'चा आहे. टँकरवर लिहिलेलं चुकीचं वाचलं तर महागात पडेल. चार, 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, अनमोल.

तेव्हा पोरांना वाक्यं द्या, बोलतं करा. शब्दांचं शवविच्छेदन नंतर.

कडकभाकरी
@सातरस्ता शवविच्छेदन! ऑटोप्सी. ऑटो म्हणजे स्वतः, ऑप्सिस म्हणजे बघणं. स्वतःच्या डोळ्यानं बघणं. बघा, तुम्हीच फोडायला लावलं.

सातरस्ता
असू दे की. मुद्द्याचं उत्तर द्या.

भीमाकाठ
सातरस्ता यांचा पहिला मुद्दा खरा आहे, आणि त्याला कारण आहे. इंग्रजीत दोन थर आहेत. खालचा जुना जर्मानिक: गो, कम, हँड, फूट, टूथ, मून. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, त्यानंतर दरबार, कायदा, स्वयंपाकघर सगळीकडून फ्रेंच शब्द आले, पुढे विद्वानांनी लॅटिन-ग्रीक भर घातली. हा वरचा थर. आस्क साधा, इन्क्वायर भारदस्त. बिगिन साधा, कमेन्स भारदस्त.

आता मराठी बघा. हात आणि हस्त. दात आणि दंत. पाय आणि पद. रोज बोलताना आपण 'हात' म्हणतो, पण नवा शब्द घडवायचा असला की 'हस्त' लागतो: हस्ताक्षर, हस्तांतर, हस्तक्षेप, हस्तलिखित. इंग्रजीचं अगदी तसंच. बोलताना 'हँड', पण शब्द घडवताना लॅटिनचा 'मॅनु': मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट. मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे शब्दशः हस्तलिखितच. बोलताना 'टूथ', पण डॉक्टर 'डेंटिस्ट'. बोलताना 'मून', पण 'लूनर'.

म्हणजे मुळं-उपसर्ग शिकवणं हे इंग्रजीच्या तत्सम थराचं शिक्षण आहे. बाजारात बोलायला त्याचा उपयोग थोडा, पुस्तक वाचायला फार. पोराला सांगून टाकायचं की 'गेट', 'पुट' फोडायचे नसतात, ते वापरून वापरून येतात. आणि विज्ञानाच्या पुस्तकातला लांबलचक शब्द मात्र हमखास फुटतो.

बाळीवेस
हे तत्सम-तद्भवचं इतकं सरळ आहे की आजवर कुणी का सांगितलं नाही असं वाटलं. बीएडला प्रीफिक्स-सफिक्स शिकवलं, पण मराठी व्याकरणाशेजारी ठेवून कधीच नाही.

आणि विज्ञानाचं म्हणाल तर आमचा विज्ञानाचा तास सेमी इंग्रजीत चालतो. 'फोटोसिंथेसिस' पोरं आठ-आठ वेळा लिहून काढतात. काल फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. वर 'फोटो, सिन, थेसिस'. खाली 'प्रकाश, सम्, श्लेषण'. फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे सम्, एकत्र. तुकडे जागच्या जागी बसले. एक मुलगी म्हणाली, "मग फोटोग्राफ म्हणजे प्रकाशानं लिहिलेलं?" ग्राफ म्हणजे लिहिणं हे तिला पॅराग्राफवरून सुचलं असावं. मी काही सांगितलं नव्हतं.

होटगीरोड
मी नर्स आहे. ट्रेनिंगला असताना शब्द पाठ करून डोकं फुटायची वेळ आली होती. मग एका सिस्टरनं सांगितलं, शेवट बघायचा. शेवटी 'आयटिस' असलं की सूज: अपेंडिसायटिस, टॉन्सिलायटिस, आर्थ्रायटिस. शेवटी 'एक्टॉमी' असलं की कापून काढणं: अपेंडेक्टॉमी, टॉन्सिलेक्टॉमी. शेवटी 'एमिया' असलं की रक्त. ॲनिमिया म्हणजे शब्दशः रक्त नसणं.

सगळ्यात घोटाळा होतो तो हायपर आणि हायपोचा. ऐकायला सारखे, अर्थ उलटे. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. साखर उतरली की हायपोग्लायसेमिया, चढली की हायपरग्लायसेमिया. इथं गल्लत झाली तर पेशंटच्या जिवाशी गाठ. भीमाकाठ सर, याला काही संस्कृत युक्ती आहे का?

भीमाकाठ
आहे, आणि ती युक्ती नाही, खरं नातं आहे. ग्रीक 'हायपर' म्हणजे संस्कृत 'उपरि', वर. ग्रीक 'हायपो' म्हणजे संस्कृत 'उप', जवळ किंवा खाली. हायपरमध्ये र आहे, उपरिमध्ये र आहे. उपनगर, उपविभाग, उपप्राचार्य या शब्दांतला हाताखालचा 'उप' तो हायपो. लॅटिनमध्ये हेच दोघे 'सुपर' आणि 'सब' झाले.

होटगीरोड
उपरि वर, उप खाली. नव्या बॅचच्या पोरींना उद्याच सांगते. आणि तुम्ही वर ॲटम लिहिलंय, त्यात पण 'टॉम' म्हणजे कापणं ना? ॲनाटॉमी, एक्टॉमी, ॲटम. न कापता येणारा तो ॲटम.

भीमाकाठ
अगदी बरोबर.

दालान
मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आहे, इथंच सोलापुरात. आमच्या मुलांसाठी एक वेगळी वाट आहे, ती सांगते.

उर्दूत फारसी उपसर्ग-प्रत्यय भरपूर: बे, ना, गैर, दार, खाना. हे मराठीतही तुमच्याकडं आहेतच: बेशिस्त, नापसंत, गैरहजर, दुकानदार, कारखाना. सोलापूरच्या पोराला 'फौजदार चावडी' विचारा, फौज अधिक दार लगेच सांगेल. मग 'इन्स्पेक्टर' शेजारी लिहा: 'इन' म्हणजे आत, 'स्पेक्ट' म्हणजे बघणं, 'ओआर' म्हणजे करणारा. आत डोकावून बघणारा. चावडीत फौजदार आणि इन्स्पेक्टर एकाच खुर्चीत बसलेले सापडतात!

दुसरं, अरबीतून आलेल्या शब्दांत तीन व्यंजनांचं मूळ असतं. क, त, ब घ्या: किताब, कातिब, मकतब. ऐन, लाम, मीम घ्या: इल्म, आलिम, मालूम, तालीम. शिकणं-जाणणं हे सगळ्यांच्या पोटात. तुमच्याकडच्या कुस्तीच्या तालमी पण यातल्याच. मूळ तेच राहतं आणि स्वर आतल्या आत बदलतात. इंग्रजीत सिंग, सँग, संग, साँग दाखवताना आमच्या मुलांना हे चटकन पटतं. मुलाच्या घरात जी भाषा आहे तिथूनच इंग्रजीचा दरवाजा उघडावा असं माझं मत आहे.

सीमाभाग
अक्कलकोटच्या बाजूचा आहे, घरी कन्नड. दालान मॅडम बोलल्या तसंच आमचं. कन्नडमध्ये 'मने' म्हणजे घर. 'मनेगळु' घरं. 'मनेगळल्लि' घरांमध्ये. एकामागं एक प्रत्यय जोडत जातो. तेलुगूत 'इल्लु' घर, 'इंट्लो' घरात, 'इंट्लोनुंचि' घरातनं. तिथं तर मूळही बदलतं, इल्लुचं इंट होतं.

म्हणून मला वाटतं पूर्व भागातल्या पोरांना 'केअर, लेस, नेस' ही रांग नवी नाही. त्यांना फक्त कुणीतरी सांगायला पाहिजे की तू घरी जे करतोस तेच इथं चाललंय.

बाळीवेस
@सीमाभाग मूळ बदलण्याचा मुद्दा वाचून एकदम मराठीचं सामान्यरूप डोक्यात आलं. घोडा, पण घोड्याला. पाणी, पण पाण्यात. प्रत्यय लागण्याआधी शब्द जरा वाकतो. 'हॅपी'चं 'हॅपिनेस' करताना शेवटचा वाय जाऊन आय येतो, 'मेक'चं 'मेकिंग' करताना ई गळतो, 'रन'चं 'रनिंग' करताना एन दोनदा येतो. हे तिन्ही नियम मी वेगवेगळे शिकवत होते. आता 'इंग्रजीचं सामान्यरूप' या एका नावाखाली घेते. नाव व्याकरणाच्या दृष्टीनं काटेकोर नसेल, पण पोरांना ते धरायला सोपं आहे.

गड्ड्याची_जत्रा
पालक म्हणून एक तक्रार. माझी लेक सातवीत. उपसर्ग शिकल्यापासून घरात 'अनपॉसिबल', 'डिसहॅपी', 'मिसगुड' चालू आहे. काल म्हणाली, "पप्पा, मिझरीमध्ये मिस आहे." आता काय सांगू?

बाळीवेस
@गड्ड्याची_जत्रा ती बनवतेय हे चांगलं लक्षण आहे, काळजी करू नका. प्रीपोन हा शब्द आपल्या भारतीय इंग्रजीतलाच, पोस्टपोनवरून बनवलेला, आणि आता मोठ्या इंग्रजी कोशांतही आहे. बनवू द्या, मग कोशात बघायला लावा.

मिझरीसाठी मी वर्गात दोन प्रश्न ठेवलेत. पहिला: तुकडा काढल्यावर जे उरतं ते ओळखीचं मूळ आहे का? दुसरा: अर्थाला तो तुकडा लागू पडतो का? 'मिसप्लेस' मधून 'मिस' काढलं की 'प्लेस' उरतं, आणि चुकीच्या जागी ठेवणं हा अर्थही जुळतो. दोन्ही उत्तरं हो. 'मिझरी' मधून काढलं की नुसतं 'री' उरतं, ते काहीच नाही. तिथंच थांबायचं. 'अंकल' मधला 'अन', 'रेडी' मधला 'री', 'कॉर्नर' मधला 'अर', 'प्रीस्ट' मधला 'प्री', सगळे याच चाळणीत अडकतात. हा खेळ पोरांना फार आवडतो. खोटे उपसर्ग पकडायला खऱ्यांपेक्षा जास्त हात वर येतात.

आणि 'अन'चं एक: तो दोन प्रकारचा आहे, हे मी आता आधीच सांगते. 'अनहॅपी' मधला नकाराचा. 'अनलॉक' मधला उलट क्रियेचा, केलेलं सोडवणं. मोबाईलपासून सुरुवात केली की दुसरा आधी भेटतो, आणि मग 'अनहॅपी' म्हणजे आनंद काढून घेणं असं पोरं म्हणतात. 'अनलॉकेबल' हा एक शब्द फळ्यावर लिहून वर्गाला भांडायला लावावं. कुलूप लावता येणार नाही असं, की कुलूप उघडता येईल असं? दोन्ही बरोबर, कुठं आधी तोडता त्यावर.

सातरस्ता
हे दोन प्रश्न पटले. 'इनफ्लेमेबल' मात्र तुमच्या चाळणीतून आरामात निसटतो. मूळ ओळखीचं, अर्थही लागू पडेल असा वाटतो, आणि तरी चूक.

बाळीवेस
@सातरस्ता निसटतो. म्हणून फोडून काढलेला अर्थ हा अंदाज, वाक्यात तो बसतोय का ते बघायचं आणि अडलं तर कोश. तो शब्द अपवाद म्हणून टँकरच्या चित्रासकट भिंतीवर लावते.

कडकभाकरी
बरं, किती उपसर्ग घ्यायचे हा मूळ प्रश्न राहिलाच. अमेरिकेतल्या शालेय छापील इंग्रजीवर १९८९ साली एक अभ्यास झाला होता. उपसर्ग लागलेल्या शब्दांपैकी सुमारे ५८ टक्के शब्दांत फक्त चार उपसर्ग सापडले: अन, री, इन आणि त्याची इम-इल-इर ही रूपं, आणि डिस. पहिल्या वीस उपसर्गांत ९७ टक्के शब्द बसले. म्हणजे मॅडम, याद्यांचा कट्टर समर्थक असूनही सांगतो, आठवीपर्यंत तुम्ही चारांवर भर दिलात तरी निम्म्याहून जास्त काम होतं. माझी लांब यादी पदवीनंतर.

बाळीवेस
@कडकभाकरी सर, हा आकडा फार कामाचा. मग माझा क्रम असा ठरतोय. सातवीला हे चार उपसर्ग, आणि प्रत्ययांत 'अर', 'फुल', 'लेस', 'नेस', 'ली', 'एबल'. मूळ शब्द सगळे साधे, पोरांना येणारे. आठवीला 'शन', 'मेंट', 'इटी' यांची भर, आणि लॅटिन-ग्रीक मुळं अगदी मोजकी: पोर्ट, स्पेक्ट, टेक्स्ट, ग्राफ, फोटो, टेली. मुळाला आधी तोंडात असलेला एखादा शब्द सापडला तरच ते मूळ घ्यायचं, नाहीतर सोडून द्यायचं. 'बेने' बाद.

पुढं दहावीच्या कृतिपत्रिकेत उपसर्ग किंवा प्रत्यय लावून शब्द करायचा छोटा प्रश्न असतो, त्याची तयारी यातच होऊन जाते. वेगळं काही करायला नको.

स्पेलिंगचा एक फायदा सांगायचा राहिला. 'साइन' मध्ये जी का लिहायचा, उच्चार तर होत नाही, असं पोरं विचारतात. 'सिग्नेचर' आणि 'सिग्नल' शेजारी लिहिले की जी ऐकू येतो. 'बॉम्ब' मधला शेवटचा मुका बी 'बंबार्ड' मध्ये बोलतो. 'टू' म्हणजे दोन, त्यातला डब्ल्यू 'ट्विन' आणि 'ट्वाइस' मध्ये बोलतो. आणि 'इलेक्ट्रिक', 'इलेक्ट्रिसिटी', 'इलेक्ट्रिशियन' यांत एकच सी तीन ठिकाणी क, स आणि श होतो. आवाज बदलला तरी अक्षर हलत नाही, कारण मूळ तेच. मराठी लिहिताना आपण उच्चाराप्रमाणे लिहितो, त्यामुळं पोरांना इंग्रजी स्पेलिंग म्हणजे निव्वळ वेडेपणा वाटतो. तो सगळा वेडेपणा नाही, एवढं जरी कळलं तरी ती जरा कमी चिडतात.

धोटा
मॅडम, टेक्स्टाईल घेतलं का वर्गात?

बाळीवेस
घेतलं अण्णा. एका पोराच्या घरी माग आहे, तो कापडाचा तुकडा घेऊन आला. टेक्स्ट, टेक्स्टबुक, टेक्स्चर झालं. 'प्रीटेक्स्ट' मी घेणार नव्हते, पण पोरांनीच विचारलं की 'प्री' लावला तर होतो का. म्हटलं होतो, पुढं विणून धरलेलं, म्हणजे निमित्त, बहाणा. आता गृहपाठ न आणणाऱ्यांना बाकीची पोरं 'मॅडम, प्रीटेक्स्ट!' असं ओरडून सांगतात.

धोटा
हा हा. चांगलं हाय की.

शेंगाचटणी
रिक्षा राहिली ओ.

भीमाकाठ
रिक्षा जपानी आहे. 'जिनरिकिशा': जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर ओढायची गाडी. पुढचा 'जिन' गळून पडला आणि उरलं ते 'रिक्षा'. म्हणजे तिच्यातला 'रि' हा 'परत'चा उपसर्ग नाही, अर्धवट राहिलेलं 'बळ' आहे. तो पोरगा चाळणीत नापास झाला, पण प्रश्न चांगला होता.

शेंगाचटणी
मग हेलिकॉप्टर पण विचारून घेतो. हेली आणि कॉप्टर ना?

भीमाकाठ
सगळ्यांना तसंच वाटतं, पण तोड वेगळ्या जागी आहे. 'हेलिको' म्हणजे मळसूत्री, गोल फिरणारं, आणि 'प्टेर' म्हणजे पंख. डायनोसॉरच्या पुस्तकातला टेरोडॅक्टिल हाही त्यातलाच: प्टेर पंख, डॅक्टिल बोट, बोटाला पंख असलेला. तिथं पी लिहितात पण बोलत नाहीत, हेलिकॉप्टरमध्ये तोच पी बोलतो. संस्कृतातलं पंख या अर्थाचं 'पत्र' याच मुळाचं.

बाळीवेस
मुका पी! हा 'साइन'च्या जीशेजारी जाणार. शुक्रवारी डायनोसॉर घेते, आठवी 'ब' कडे शेवटचा तास आहे, एरवी झोपतात.